पत्ता द्या : पुण्यातल्या हाउसिंग सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीचे सर्व सदस्य,
पुणे शहरातील सहकारी गृहनिर्माण संस्था

स. न. वि. वि.

सप्टेंबर हा तुमच्या वार्षिक सभांचा महिना. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत सभा घ्यावीच लागते, त्यामुळे ३० तारखेच्या आत शहरभर पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या जातात, अहवाल वाचले जातात, ठराव होतात. अशाच एका सभेत एका मोठ्या सोसायटीने ठराव केला आहे : यापुढे परदेशी विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही, आणि आत्ता राहत असलेल्यांनी महिनाअखेर जागा सोडायची. ठरावाची नोटीस मराठीत आणि इंग्रजीत लिफ्टमध्ये लागली. सोसायटीचं नाव आम्ही लिहीत नाही. हाच नियम तोंडी पाळणाऱ्या सोसायट्या पुण्यात कितीतरी आहेत, हिने तो कागदावर आणला एवढंच. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

आम्ही परदेशी विद्यार्थ्यांना कागदपत्रांत मदत करणारे काही पुणेकर आहोत. करारनामे, पोलिसांकडची नोंद, बँक खातं, व्हिसाची मुदतवाढ ही कामं आमच्या रोजच्या हाताखालची. त्या कामातून दिसतं ते असं : घर नाकारलं की त्या मुलाचा पत्ता जातो, आणि पत्ता गेला की कायद्याने इथे आलेला मुलगा कायद्याच्या बाहेर ढकलला जातो. हे कसं होतं ते कमिट्यांपर्यंत कधी पोहोचतच नाही, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

परदेशी विद्यार्थी पुण्यात उतरतो तेव्हा त्याच्याकडे पासपोर्ट, विद्यार्थी व्हिसा आणि प्रवेशपत्र असतं. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असला, आणि विद्यार्थ्यांचा बहुधा असतोच, तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत परकीय नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. अर्ज ई-एफआरआरओ या परकीय नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर भरायचा, पुण्यात तो बघतात पोलीस आयुक्तालयात. अर्जाला कॉलेजचं बोनाफाईड, म्हणजे हा आमचा विद्यार्थी आहे असं पत्र, लागतं आणि राहत्या जागेचा पुरावा लागतो : नोंदणीकृत करारनामा किंवा घर देणाऱ्याने परदेशी भाडेकरूची माहिती भरलेल्या सी फॉर्मची प्रत, जोडीला त्या जागेचं वीजबिल.

आता तुमच्या ऑफिसात काय होतं ते बघा. सेक्रेटरी म्हणतात, आधी पोलीस व्हेरिफिकेशन आणा, मग एनओसी (ना हरकत पत्र) देतो. व्हेरिफिकेशनला करारनामा लागतो. घरमालक म्हणतात, सोसायटीची एनओसी हातात आल्याशिवाय मी सही करणार नाही. तिघांपैकी कुणीच उघडपणे नाही म्हणालेलं नसतं आणि चौदातले नऊ दिवस हॉटेलात गेलेले असतात. मुदत उलटली की दंड, वर उशीर का झाला याचं लेखी स्पष्टीकरण. ते स्पष्टीकरण त्या मुलाच्या नावाने फाइलला लागतं. पुढच्या वर्षी मुदतवाढ मागताना तीच फाइल उघडते.

वास्तविक एनओसीची ही अट तुमच्याच उपविधीत (बायलॉजमध्ये) नाही. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देताना सोसायटीला कळवायचं असतं, करारनाम्याची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. परवानगी मागायची नसते. सोसायटीला आकारता येतं ते बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ही मर्यादा घातली आहे. आणि उपविधीत नसलेली बंदी नुसत्या सभेच्या ठरावाने येत नाही. उपविधी बदलायचे तर दुरुस्ती सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदवून घ्यावी लागते. लिफ्टमधल्या नोटिशीमागे असं काही केलेलं आमच्या माहितीत नाही.

तुमची भीती काय असते ती आम्ही शंभरदा ऐकली आहे. तिची टिंगल आम्हाला करायची नाही. १३ फेब्रुवारी २०१० चा जर्मन बेकरीतला स्फोट या शहराने पाहिला आहे. कोण राहतंय याची नोंद हवी हे बरोबरच आहे. पण ती नोंद ठेवायची सोय कायद्यात आहे आणि ती सोपी आहे. परदेशी माणूस तुमच्या जागेत राहायला आला की २४ तासांच्या आत जागा देणाऱ्याने ऑनलाइन माहिती भरायची. सगळे सी फॉर्म म्हणतात तो हाच. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा जुना कायदा जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ आला, पण जागा देणाऱ्याची जबाबदारी तशीच राहिली.

हा फॉर्म भरायला वीस मिनिटं पुरतात, पण चुका ठरलेल्या आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे लॉगिन. घरमालकाला आधी पोर्टलवर स्वतःची आणि जागेची नोंद करावी लागते आणि ती मंजूर व्हायला काही दिवस जातात. भाडेकरू सामान घेऊन दारात उभा राहिल्यावर नोंद करायला बसलात तर २४ तास पाळणं अशक्यच. बोलणी सुरू झाली की त्याच दिवशी लॉगिन मागून ठेवा.

दुसरी चूक तारखांची. फॉर्ममध्ये भारतात आल्याची तारीख वेगळी आणि या पत्त्यावर आल्याची वेगळी. दोन्हीकडे एकच टाकली की सोमवारी दिल्लीत उतरून शुक्रवारी तुमच्याकडे आलेला मुलगा कागदोपत्री सोमवारपासून तुमच्याकडे राहतो, आणि तुमचा फॉर्म उशिरा भरलेला ठरतो.

पासपोर्ट नंबरातला शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लतही नेहमीची. नावाचं तर विचारूच नका. पुष्कळ अफगाण, इंडोनेशियन मुलांना आडनावच नसतं. आपल्याकडचा फॉर्म नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने मागतो आणि भरणारा आपल्या मनाने आडनाव बनवतो. पासपोर्टवर जे आहे ते अक्षरन् अक्षर तसंच करारनाम्यात, फॉर्मवर आणि बोनाफाईडवर आलं पाहिजे.

पत्त्याचंही तेच. करारनाम्यात 'स. नं., बी विंग, फ्लॅट नं. १२', वीजबिलावर नुसतंच 'बी/१२' आणि कॉलेजच्या पत्रावर बिल्डिंगचं जुनं नाव, असे तीन कागद जोडले की अर्ज परत. त्यात वीजबिल अजून बिल्डरच्या किंवा दिवंगत वडिलांच्या नावावर असतं, मालक स्वतः अमेरिकेत, इथे भावाकडे कुलमुखत्यारपत्र. मग मुखत्यारपत्राची प्रत आणि सोसायटीचं एक साधं पत्र लागतं : हा फ्लॅट अमुक यांचा, सोसायटीच्या नोंदीप्रमाणे पत्ता असा. असं चार ओळींचं पत्र तुमच्या लेटरहेडवर मिळालं तर कित्येक मुलांचे अर्ज एका फेरीत मार्गी लागतील. आज त्या पत्रासाठी मुलं रविवारी सकाळी अकरा ते बाराच्या ऑफिसवेळेत तीन-तीन आठवडे खेटे घालतात.

आणखी एक गैरसमज. 'ऑनलाइन ॲग्रीमेंट करून या' असं सांगितलं जातं. घरी येऊन अंगठे घेणारा एजंट जो करार करतो तो आधारवर चालतो. परदेशी नागरिकाला आधार मिळतं ते मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावर. नव्याने आलेल्याकडे ते नसतंच. त्याचा करार दुय्यम निबंधक कार्यालयात, हवेली क्रमांक अमुक लिहिलेल्या त्या खोल्यांत, प्रत्यक्ष जाऊन करावा लागतो : मूळ पासपोर्ट, व्हिसा, घरमालक किंवा मुखत्यार आणि दोन साक्षीदार. अर्धा दिवस मोडतो. त्या अर्ध्या दिवसाला कंटाळून घरमालक नोंदणीच टाळतात आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतात. असा नोटरीचा कागद नोंदणीकृत करार ठरत नाही, आणि धोका सगळा घरमालकाचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी त्याची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते आधी ग्राह्य धरलं जातं. खर्च म्हणाल तर महिना २० हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट, ११ महिने असा हिशेब धरला तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क पाचशे-सहाशे रुपयांच्या घरात जातं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये.

अकरा महिन्यांचा विषय निघालाच आहे तर तोही संपवून टाकू. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, त्या काळातली ही सवय. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानंतर कितीही मुदतीचा लिव्ह अँड लायसन्स नोंदवावाच लागतो आणि तो ६० महिन्यांपर्यंत करता येतो. म्हणजे अकरा महिन्यांत आता कुणाचाच फायदा उरलेला नाही, दर वेळी दलाली घेणाऱ्या एजंटाचा सोडून. दोन वर्षांच्या एम.ए.ला आलेल्या मुलीला मात्र शिकताना किमान एकदा, बहुतेकदा दोनदा नवा करार, नवा पुरावा, पत्ता बदलल्याची नवी नोंद करावी लागते. करार जूनमध्ये संपला आणि व्हिसाची मुदतवाढ जुलैत असली तर नेमका त्याच वेळी तिच्याकडे चालू पत्ता नसतो.

'फ्लॅट बळकावून बसतील' हेही ऐकतो. ज्याच्या व्हिसावर परतीची तारीख छापलेली आहे तो फ्लॅट बळकावून काय करणार? तरी कायद्याचं सांगतो. त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि त्या काळाची भरपाई दुप्पट दराने मिळते. नोंदणीकृत करार असला तरच हे संरक्षण खात्रीने मिळतं.

पैशांचं दुखणं तर सगळ्यात मोठं. समजा भाडं २० हजार. तीन महिन्यांचं डिपॉझिट ६०, एक महिन्याची दलाली २० आणि आगाऊ भाडं २० असे पहिल्या आठवड्यात एक लाख रुपये मागितले जातात, तेही 'फॉरेनर आहे' म्हणून भाडं वाढवून सांगितल्यावर. इथे रिझर्व्ह बँकेचा नियम काय आहे? परदेशी विद्यार्थ्याचं एनआरओ खातं (अनिवासींचं रुपयांतलं खातं) पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशपत्रावर उघडता येतं, स्थानिक पत्त्याचा पुरावा ३० दिवसांत द्यायचा. तो तपासून होईपर्यंत खात्यात परदेशातून १,००० डॉलरपर्यंतच येऊ शकतात आणि काढता येतात जास्तीत जास्त ५० हजार रुपये. म्हणजे पत्ता मिळवायला लाख रुपये लागतात आणि पत्त्याशिवाय बँक पन्नास हजारांवर देत नाही. घरून भरपूर पैसे घेऊन आलेला मुलगासुद्धा इथे अडतो. आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) शिष्यवृत्तीवर आलेल्याला तर घरभाड्यासाठी महिन्याला साधारण साडेपाच-साडेसहा हजारच मिळतात. नोकरीचा पुरावा, सॅलरी स्लिप मागू नका. विद्यार्थी व्हिसावर पगारी नोकरी करायला बंदी आहे. स्लिप दाखवणारा सापडला तर उलट तोच नियम मोडत असेल.

भाडं उशिरा येतं ही तक्रार मात्र खरी. त्यामागे आळस क्वचित असतो. इराणच्या बँका आंतरराष्ट्रीय व्यवहारांतून तोडलेल्या आहेत, तिथली मुलं वर्षाचे पैसे रोख डॉलरमध्ये घेऊन येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं आणि अफगाण मुलांचे घरून येणारे पैसे अचानक थांबले. १५ एप्रिल २०२३ ला सुदानच्या खार्टूममध्ये लढाई सुरू झाली, बँका बंद, आईवडील कुठे आहेत तेच माहीत नाही. अशा मुलांकडून एक महिन्याची मुदत मागणारं पत्र आलं तर ते घ्या, खोटं वाटलं तर कॉलेजला फोन करून खात्री करून घ्या.

डिपॉझिट परत न देणं हा वेगळाच अन्याय आहे आणि तो जवळजवळ ठरवून होतो. परीक्षा संपते, व्हिसाची तारीख जवळ येते, तिकीट निघतं. घरमालक म्हणतो रंगाचे पैसे कापतो, लाइटबिल यायचंय, दोन महिन्यांनी देतो. दोन महिन्यांनी तो मुलगा नैरोबीत किंवा येमेनच्या सानात असतो, इथलं खातं बंद झालेलं असतं आणि तक्रार करायला कुणी उरत नाही. खरं तर बिलाचा हिशेब सोपा आहे. किल्ली देताना आणि घेताना मीटरचा फोटो काढा, युनिटची वजाबाकी करा, मागच्या बिलाच्या दराने गुणा आणि तेवढीच रक्कम राखून ठेवा. त्यासाठी ६० हजार अडवायचं कारण नाही.

तुमच्या बाजूच्या खऱ्या तक्रारीही लिहायला हव्यात. एका मुलाच्या नावावर करार आणि आत सहा जण राहतात, हे घडतं. रात्री बारानंतर गाणी लागतात, हेही घडतं. पहिल्यावर उपाय असा की राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात घाला आणि प्रत्येकाचा वेगळा फॉर्म भरा. एवढा आग्रह कमिटीने जरूर धरावा. दुसऱ्यासाठी रात्री १० ते सकाळी ६ हा नियम आहेच, तो चौथ्या मजल्यावरच्या सुदानी मुलाला आणि सातव्या मजल्यावरच्या वाढदिवसाला सारखाच लावा. बंदी घालायची ती वागण्यावर घाला. आणि हेही स्पष्ट बोललं पाहिजे : ज्याच्यासाठी 'फ्लॅट नुकताच गेला' असं उत्तर मिळतं तो बहुतेक वेळा आफ्रिकेतला असतो, आणि कातडीचा रंग हेच त्याचं कारण असतं. नेपाळ-भूतानच्या मुलांना तर व्हिसाच लागत नाही, तरी त्यांनाही 'एफआरआरओ आणा' म्हणून परत पाठवतात.

तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं आज म्युनिकला, आखेनला, लीड्सला आहेत. तिथे घर शोधताना त्यांचीही फरफट होते. पण तिथला कायदा भाडेकरूला काय देतो ते त्यांना विचारा. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी लागणारं पत्र देणं घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, तेही तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने नेहमीच्या भाड्याच्या घरांना पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, आणि डिपॉझिट ३० दिवसांत अधिकृत संरक्षण योजनेत ठेवावं लागतं. आपल्या मुलीला तिथे ते पत्र वेळेत मिळावं म्हणून आपण इथे रात्री जागतो.

विद्यापीठं आणि कॉलेजं यातून सुटत नाहीत. परदेशी विद्यार्थ्याकडून जास्त फी घ्यायची, आणि व्हिसा उशिरा मिळाल्याने तो ऑगस्टअखेर पोहोचला की वसतिगृह भरलं म्हणून हात वर करायचे, हे बरोबर नाही. याच शहरात फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी एका मुलीला खिडकीतून एका विद्यार्थ्याला डबा देताना पाहिलं. तो मॉरिशसचा, काविळीने अंथरुणाला खिळलेला, बघणारं कुणी नाही. त्यातून १९७१ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं केंद्र म्हणून सिंबायोसिस सुरू झालं. आजारी मुलाला डबा मिळतो की नाही हे बघणारं माणूस आज प्रत्येक कॉलेजात नेमलेलं हवं.

आमच्या मागण्या :

१. परदेशी विद्यार्थ्यांना सरसकट मनाई करणारे ठराव आणि नोटिसा मागे घ्या. तोंडी नियमही.

२. एनओसीची अट काढा. त्याऐवजी सभासदाकडून लेखी माहिती, नोंदणीकृत करारनाम्याची प्रत, पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत आणि सी फॉर्मची प्रत घ्या. पत्त्याचं चार ओळींचं पत्र दोन दिवसांत द्या. ते देण्याचा अधिकार एका सदस्याला द्या, म्हणजे सेक्रेटरी गावाला गेले म्हणून अर्ज अडणार नाही.

३. घरमालकांना सांगा : डिपॉझिट हप्त्यांत घ्या, किल्ली परत घेतल्याच दिवशी हिशेब करून परत द्या, करार अभ्यासक्रमाच्या मुदतीइतका करा.

४. परदेशी भाडेकरू म्हणून वेगळा मेंटेनन्स, वेगळं शिफ्टिंग चार्ज, वेगळं डिपॉझिट सोसायटीने घेऊ नये.

५. विद्यापीठ आणि कॉलेजांनी पहिले ३० दिवस राहायला खोली द्यावी, आल्या दिवशी बोनाफाईड द्यावं आणि सोसायट्यांना फोन करता येईल असा एक नावानिशी संपर्क जाहीर करावा.

ज्या सोसायटीने लिफ्टमध्ये नोटीस लावली त्यांना एक शेवटचं. ठराव मागे घ्यायला पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांबावं लागत नाही. विशेष सर्वसाधारण सभा पाच पूर्ण दिवसांच्या नोटिशीने बोलावता येते. तुमच्या इमारतीतल्या त्या मुलांची मुदत महिनाअखेर संपते आहे.

आपले,
परदेशी विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांना हात लावणारे काही पुणेकर